मोजून आलेले शून्य

ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातल्या आमच्या प्रयोगशाळेत आज सकाळी चहाच्या टेबलावर पुन्हा ती पिशवी दिसली. सुपरमार्केटची, कानांना गाठ मारलेली, वर चिकटवलेल्या कागदावर ‘कृपया न्या’ एवढेच लिहिलेले. उघडून बघण्याची गरज नव्हती; वास आधीच खोलीभर झाला होता. थोडा पेरूचा, थोडा अननसाचा आणि किंचित औषधी. एप्रिल उजाडला की ऑकलंडमध्ये फिजोआ सहसा कोणी विकत घेत नाही. ज्याच्या अंगणात झाड असते तो हैराण होऊन वाटत सुटतो. हिरवे, अंड्याएवढे फळ. मधोमध कापायचे आणि चमच्याने गर काढून खायचा. ते झाडावरून तोडायचे नसते. पिकले की ते आपणहून खाली पडते, आणि पडू लागते तेव्हा रोज बादलीभर पडते.

मी चार फळे उचलली आणि खोलीचे दार लावून घेतले. माझ्या हाताखालच्या दोन विद्यार्थ्यांचे अहवाल वाचायचे होते. वाचले नाहीत. फळ कापले, आणि पहिल्या चमच्यासरशी २००५ सालचा शरद, म्हणजे इथला एप्रिल-मे, जिभेवर आला.

पुण्यात माझ्या सगळ्या परीक्षा उन्हाळ्यात झाल्या. परीक्षा म्हटले की मला घामाने चिकटणारी उत्तरपत्रिका, वर्गातला कुरकुरणारा पंखा आणि शाळेच्या नळाचे कोमट पाणी आठवायचे. न्यूझीलंडने ते सगळे पुसून दुसरेच चित्र काढले. इथे परीक्षेला ओल्या लोकरीचा वास असतो, पाच वाजता मावळणारा उजेड असतो, आणि वाटेवर चपलेखाली चिरडलेली फिजोआ असतात. एकाच शब्दाच्या दोन ऋतूंतल्या दोन नोंदी माझ्याकडे आहेत. पैकी दुसरी जास्त ठळक आहे, कारण त्या वेळी पणाला लागलेली वस्तू अधिक मोठी होती.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला नेमके काय हवे आहे ते मला ठाऊक होते. आल्प्सच्या पायथ्याशी, ग्रनोबल शहरात, अनेक युरोपीय देशांनी मिळून उभारलेले एक अवाढव्य वर्तुळाकार यंत्र आहे. त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी प्रथिनांची रचना अणूअणूपर्यंत पाहता येते. तिथल्या एका प्राध्यापिकेने मला पीएच.डी.साठी घ्यायचे कबूल केले होते. अट एकच होती: जून संपण्याआधी शिष्यवृत्तीच्या समितीला फ्रेंच भाषेच्या वरच्या पातळीचे प्रमाणपत्र हवे. लेखी भाग मी पार केला होता. उरली होती तोंडी परीक्षा. दिलेल्या विषयावर बोलायचे आणि मग दोन परीक्षकांशी वाद घालायचा. ती हुकली असती तर जागा दुसऱ्याला जाणार होती. तसे पत्रात स्वच्छ लिहिले होते.

मी ऑकलंडला शिकायला आले होते आणि हिल्सबरो या उपनगरात शुभदाआत्याकडे राहत असे. आत्या हेन्डरसनच्या एका औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट होती. तिची तेरा वर्षांची मुलगी सई इथेच जन्मलेली. मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. आमच्या रस्त्याच्या टोकाला मादाम ओदील राहत. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मी शिकायला जाई. त्या विद्यार्थ्यांनाही ‘तुम्ही’ म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा सराव ऐकला आणि पेन्सिल खाली ठेवली. मी प्रयोगशाळेच्या सवयीने निष्कर्ष आधी सांगितला होता, पुरावे मागाहून. त्या म्हणाल्या, “मादमोआझेल, तुम्ही खून कोणी केला ते पहिल्याच ओळीत सांगता. मग पुढचं आम्ही का ऐकावं?” फ्रेंच परीक्षकासमोर आधी प्रश्न उभा करायचा असतो, असा प्रश्न की जो दोन्ही बाजूंनी बोचेल. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. पण जागा मला हवी होती, म्हणून मी प्रश्न उभे करायला शिकू लागले.

त्या मे महिन्यात प्रश्न शोधावा लागत नव्हता. युरोपातल्या पंचवीस देशांसाठी एकच राज्यघटना तयार झाली होती, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी फ्रान्समध्ये तिच्यावर सार्वमत होते. हो किंवा नाही, मध्ये काही नाही. ज्या देशाने एकसंध युरोपाची कल्पना पुढे रेटली, त्याच देशाचा पाय आता अडखळत होता. मादामना खात्री होती की परीक्षेत युरोपावरच काहीतरी येणार.

त्यांच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी आणखी एक माणूस असे: जेरार. हेन्डरसनला त्यांची बेकरी होती. पावाच्या नावाने दुकान काढलेल्या या गृहस्थांना गिऱ्हाइकांच्या हट्टापायी ‘पाय’ म्हणतात ते खिमा भरलेले न्यूझीलंडी पॅटिस भाजावे लागत, आणि ते दुःख ते कोणालाही ऐकवत. दहाच्या सुमाराला एक लांब पाव काखेत घालून ते येत, माझ्या समोर बसत आणि मादामशी भांडू लागत. मादाम ‘हो’च्या बाजूने, जेरार ‘नाही’च्या. माझा सराव म्हणजे त्या दोघांच्या मध्ये बसून वाक्य पुरे करता येते का ते पाहणे.

मादामचे वडील फ्रान्सच्या लोरेन प्रांतात, सीमेजवळच्या स्थानकात रेल्वेत होते. लहानपणी कोळशाच्या गाड्या जकातीसाठी तासन्‌तास उभ्या असलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. पलीकडे जर्मनी, अलीकडे फ्रान्स, मध्ये धूर सोडत थांबलेले इंजिन. मग कोळसा आणि पोलाद यांचा करार झाला आणि एका सकाळी वडिलांनी त्यांना हात धरून फलाटावर नेले. काय दाखवले, असे मी विचारले. न थांबणारी गाडी, त्या म्हणाल्या. ती गेली, बस. घरी येऊन वडिलांनी आईला ते पुन्हा एकदा सांगितले. मादामच्या लेखी युरोप म्हणजे ती गाडी होती.

जेरार उत्तरेकडचे. त्यांचा भाऊ सूतगिरणीत होता. गिरणीची यंत्रे एका उन्हाळ्यात खोक्यांत भरली गेली आणि पूर्वेकडच्या एका स्वस्त देशात जाऊन उभी राहिली. खोकी भरायला भावालाच लावले होते. तेरा वर्षांपूर्वीच्या सार्वमतात, जेव्हा युरोपभर एकच चलन आणण्याचा करार काठावर पास झाला, तेव्हा जेरारनी ‘हो’ म्हटले होते. “तेव्हा मी वाचलं नव्हतं,” ते म्हणत. “आता वाचतो.” आणि खरोखर वाचत. सरकारने प्रत्येक मतदाराला घटनेचा मजकूर पाठवला होता, चारशेहून अधिक कलमे. जेरारच्या प्रतीवर पिठाचे अंगठे उमटले होते; मादामच्या प्रतीत तीन रंगांच्या पेन्सिलींच्या रेघा होत्या. एकाच कलमावर दोघांनीही खूण केलेली असे, उलट कारणांसाठी.

मी हे घरी सांगितले तेव्हा आत्या औषधांच्या डब्या आवरत होती. म्हणाली, आपल्या मराठी मंडळाची घटना चार पानांची आहे आणि ती लिहिणाऱ्याने तरी वाचली होती का, याची मला शंका आहे. सईला मी विचारले, न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियात विलीन व्हावे का. व्यापार तर जवळपास एक आहेच, माणसे नुसता पासपोर्ट दाखवून राहायला जातात. सईने टोस्टवरून मान वर केली. “ॲज इफ,” म्हणजे ‘काहीतरीच काय’, ती नेहमीसारखी इंग्रजीत म्हणाली, “आमची स्वतःची रग्बी टीम आहे.” सिडनीला तिची ढीगभर, तिच्या शब्दांत ‘हीप्स ऑफ’, मावसभावंडे होती आणि दर सुट्टीत तिला तिथेच जायचे असे. मी ते वहीत टिपून घेतले. त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नव्हता.

एक प्रथा मात्र मला सुरुवातीपासून विलक्षण वाटली. मादाम आणि जेरार दोघांचीही नावे वेलिंग्टनच्या वकिलातीतल्या मतदारयादीत होती. ऑकलंडहून वेलिंग्टन साडेसहाशे किलोमीटर. प्रत्येक फ्रेंच मतदानाला हे दोघे एकाच गाडीने जात. मादाम चालवत, जेरार खायला आणत, आणि वाटभर भांडण. जेरारची दृष्टी अधू होती, लांबचे वाहन चालवणे डॉक्टरांनी बंद केले होते. पोचल्यावर दोघे बहुधा एकमेकांविरुद्ध मत देत आणि परत येत.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मादाम अंगणातल्या वाटेवर सडलेल्या फिजोआवरून घसरल्या आणि घोटा मोडून बसल्या. आठ तासांचा प्रवास अशक्य. फ्रेंच कायद्यात अशा वेळची सोय आहे: रीतसर कागद करून आपले मत दुसऱ्या मतदाराच्या हाती सोपवता येते. तो स्वतःचे मत देतो आणि मग तुमचेही. मतपेटीजवळच्या आडोशात तो एकटा असतो. पाकिटात त्याने कोणती चिठ्ठी घातली ते जगात कोणालाही कळत नाही. मादामच्या ओळखीचा, वेलिंग्टनच्या यादीतला, भरवशाचा असा एकच माणूस होता. त्यांनी ऑकलंडमधल्या वाणिज्यदूतांपुढे कागद केला आणि त्यावर जेरारचे नाव लिहिले. म्हणजे ‘हो’चे मत ‘नाही’वाल्याच्या हाती.

त्या शनिवारी जेरार वेलिंग्टनला कसे जाणार याची चर्चा चालली होती. बस रात्रभराची, त्यांची पाठ दुखरी, विमानाची त्यांना भीती. दोघे अर्धा तास घोळ घालत होते. मला वाटले, मी यांना मदत करू शकते. आजही ते वाक्य आठवले की कानाच्या पाळ्या तापतात. मी म्हणाले, “पण कोणी जायची गरजच काय? एक हो, एक नाही. बेरीज शून्य. दोघंही घरी राहिलात तरी निकाल तोच.”

माझ्या मते मी एक सुंदर सुलभीकरण केले होते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना समान पद असले की ते खोडायचे; हे मी सातवीपासून करत आले होते.

जेरार हातातल्या पावाकडे बघत राहिले. मादामनी पेन्सिली गोळा केल्या, एकेक करून डबीत ठेवल्या, डबी बंद केली. मग म्हणाल्या, “मादमोआझेल, तुम्ही आत्ता दोन फ्रेंच माणसं कमी केलीत.” आवाज चढला नव्हता. पाठ संपल्याचे त्यांनी सांगितले. पुढच्या शनिवारी यायची गरज नाही, हेही. तोंडी परीक्षेला तीन आठवडे उरले होते आणि माझ्याकडे शिक्षक नव्हता.

पहिले दोन दिवस मी रागात काढले. गणित बरोबर होते. मी ते आत्याला कागदावर मांडून दाखवले. आत्याने कागद बघितला नाही. हेन्डरसनच्या दुकानात एक आजोबा दर सोमवारी रक्तदाब मोजून घ्यायला येतात, ती म्हणाली. आकडा दर वेळी तोच असतो. “म्हणून मी त्यांना येऊ नका म्हणू? अगं, बरोबर असणं आणि बोलायची अक्कल असणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. एकीत तू पहिली आलीस.” मग गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवून म्हणाली, माफी मागायला तोंड नसेल तर निदान चाके आहेत.

मी मादामकडे गेले आणि म्हणाले की मी जेरारना वेलिंग्टनला नेईन. त्यांनी मला आत बोलावले नाही. दारातच कुबडीवर रेलून त्यांनी विचारले, मला तो रस्ता येतो का. नाही, मी म्हणाले. सरळ दक्षिणेला आहे, त्या म्हणाल्या आणि दार लावले. त्याला मी होकार समजले.

तो प्रवास मी पुष्कळदा आठवते, ग्रनोबलमध्येही आठवत असे. तिथे रात्रपाळीत यंत्राच्या गुणगुणीत बसले असताना, एका बाजूला स्वीडनची मुलगी आणि दुसऱ्या बाजूला पोर्तुगालचा मुलगा यंत्र कोणाला कधी मिळणार याच्या तारखांवरून हुज्जत घालत असत, आणि मला डोळ्यांपुढे तो डेझर्ट रोड दिसे: पिवळट गवताचा उजाड पठारी रस्ता, उजवीकडे नव्या बर्फाने माखलेला डोंगर, आणि शेजारी मांडीवर घटनेचा मजकूर घेऊन बसलेला एक बेकरीवाला. आत्याने थालीपिठे आणि लसणीची चटणी बांधून दिली होती. जेरारनी पहिला घास घेतला, थांबले, आणि पुढचा तासभर भाजणीत कोणकोणती धान्ये असतात, ती भाजतात कशी, आधी की दळल्यावर, याची उलटतपासणी केली. एवढ्या धान्यांना एकत्र धरून कोण ठेवते, त्यांनी विचारले. मी म्हणाले, कांदा आणि थापणारा हात. त्यांनी ते गंभीरपणे मान हलवून मान्य केले.

तायहापे गावाच्या अलीकडे मी त्यांना विचारले. आडोशात तुम्ही एकटे असाल. मादामच्या पाकिटात तुम्ही काय घातलेत ते त्यांना कधीच कळणार नाही. तुम्हाला हा निकाल मनापासून हवा आहे. मोह होणार नाही का?

त्यांनी मांडीवरचा मजकूर मिटला. मग म्हणाले, “हे सगळं तिला कागद करताना माहीत होतं. तरी तिने नाव लिहिलं. आता ते नाव मला वाहून न्यायचंय.” आणि त्यांनी दुसरे थालीपीठ मागितले.

रविवारी सकाळी वेलिंग्टनमध्ये वारा इतका होता की वकिलातीबाहेर रांगेतली माणसे टोप्या हातात धरून उभी होती. पामर्स्टन नॉर्थहून आलेली एक म्हातारी होती, कडेवर मूल घेतलेला एक द्राक्षमळेवाला होता. न्यूझीलंड पृथ्वीच्या अशा कडेला आहे की फ्रान्समध्ये अजून शनिवारची रात्र होती. पॅरिस झोपलेले असताना ही माणसे त्याचे भवितव्य ठरवायला वाऱ्यात ताटकळत होती. मला आत जाता येत नव्हते. पण दार उघडे होते आणि आतली घोषणा ऐकू येत होती. प्रत्येक पाकीट पेटीत पडले की अधिकारी नाव घेतो आणि म्हणतो: मत दिले. जेरारचे नाव आले. मत दिले. मग मादाम ओदील यांचे नाव, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, त्या परक्या वाऱ्याच्या शहरात मोठ्याने उच्चारले गेले. मत दिले.

तिथे, पायरीवर उभी असताना, मला माझी चूक दिसली. ती गणिताची नव्हतीच, मोजमापाची होती. प्रयोगशाळेत हे मी कुठल्याही विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात शिकवीन: मापन केलेच नाही म्हणून रिकामी राहिलेली जागा आणि मापन करून आलेले शून्य, या दोन नोंदी एक नसतात. पहिलीत काहीच माहीत नसते. दुसरीत दोन बले एकमेकांना तोलून धरत असतात, दोन्ही खरी, दोन्ही ताणलेली. वहीत दोन्हींच्या जागी एकच चिन्ह लिहिणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हे. मी तेच केले होते, तेही मादामच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या तोंडावर.

जेरार बाहेर आले. मी काही विचारले नाही. त्यांनी दोन बोटे वर केली, म्हणजे दोन झाली, आणि कॉफी कुठे मिळेल ते विचारले.

सोमवारी सकाळी आठला आम्ही मादामच्या स्वयंपाकघरात होतो. मादामनी मला येऊ दिले होते, एवढेच. तिकडे पॅरिसमध्ये रात्रीचे दहा वाजत होते, मतदान संपत होते. संगणकाच्या पडद्यावर निकाल उमटला. नाही. काठावर नव्हे, ठसठशीत नाही. जेरार जिंकले होते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते मादामकडे पाहत होते. मादामनी पडद्यावरून नजर हलवली नाही. त्या म्हणाल्या की कॉफी गार होते आहे. जेरार उठले, मागचे दार उघडून अंगणात गेले आणि फावड्याने वाटेवरची फिजोआ गोळा करू लागले. एक बादली भरली, दुसरी घेतली. मादाम खिडकीतून ते बघत होत्या. आपल्या पाकिटात काय गेले, हे त्यांनी जेरारना विचारले नाही. त्या सकाळी नाही आणि माझ्या माहितीत नंतरही नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी म्हणाले, “मादाम, मी त्या दिवशी चुकले. आणि का चुकले ते आता मला सांगता येईल.” त्या म्हणाल्या, “मला नको. गुरुवारी परीक्षकांना सांगा. बसा.” आणि पेन्सिलींची डबी उघडली.

गुरुवारी पाऊस होता. परीक्षेच्या खोलीत दोन परीक्षक होते. एक बारीक टाय लावलेले गृहस्थ, ज्यांनी माझ्याकडे न बघता कागद पुढे केला, आणि एक बाई, ज्या सतत काहीतरी लिहीत होत्या. कागदावर एकच ओळ: युरोप कोणाचा, सरकारांचा की नागरिकांचा? तयारीला एक तास. मी त्यातली पाच मिनिटे नुसती खिडकीकडे बघण्यात घालवली. लिहिले फक्त अर्धे पान.

मी प्रश्नापासून सुरुवात केली. मी म्हणाले, विरुद्ध मतांची दोन माणसे साडेसहाशे किलोमीटर अंतरावर मतदानाला जाणार आहेत. त्यांना घरी राहा म्हणणे शहाणपणाचे आहे का? मी तसे म्हटले होते. मग मी त्या सल्ल्याच्या बाजूने बोलले, प्रामाणिकपणे आणि सर्व ताकदीनिशी, कारण एका काळी तो मला पटला होता. नंतर मी त्याच्या चिंध्या केल्या. रिकामी नोंद आणि मोजलेले शून्य. कोळशाची न थांबलेली गाडी आणि खोक्यांत भरलेली यंत्रे. ऑस्ट्रेलियावर जीव असलेली आणि तरी त्यात विरघळायला तयार नसलेली तेरा वर्षांची मुलगी. शब्द मला शोधावे लागत नव्हते. ते रांगेत उभे होते.

टाय लावलेल्या गृहस्थांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी विचारले, म्हणजे रविवारचा नकार हे तुमच्या मते प्रेमपत्र आहे का. स्वर बोचरा होता. मी म्हणाले, “नाही. नकार हा नकारच. तो मसुदा त्यांना नको होता, आणि ते खरं मानलं पाहिजे. पण ज्या घरात आपल्याला राहायचंच नाही, त्याच्या नकाशावरून कोणी इतकं भांडत नाही.”

बाईंचे लिहिणे थांबले. त्यांनी विचारले, त्या गृहस्थाने मैत्रिणीचे मत तिच्या इच्छेप्रमाणे दिले, हे मला कसे माहीत.

मला ‘माहीत नाही’ हे उत्तर फार जड जाते. त्या दिवशी ते मी आनंदाने दिले. “मला माहीत नाही,” मी म्हणाले. “तिलाही माहीत नाही. तिने आपला होकार ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या हाती ठेवला आणि सोमवारी सकाळी त्याला काही विचारलं नाही. पंचवीस देशांना जर कशाची घटना हवी असेल, तर ती याची. ती अजून कोणाला लिहिता आलेली नाही, इतकंच रविवारी कळलं.”

गृहस्थ म्हणाले, ही भाबडी कल्पना आहे. विश्वास कलमांत बसत नाही. बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या की नेमका हाच तर मुद्दा आहे. गृहस्थांनी एका कलमाचा आकडा सांगितला. बाईंनी दुसरा. दोघांचेही आवाज चढले. एकाने रविवारी काय केले आणि दुसरीने काय, हे पाच वाक्यांत स्पष्ट झाले. माझी परीक्षा चालू आहे याची दोघांनाही शुद्ध नव्हती. मी पुष्कळ शनिवार अशाच एका टेबलाशी बसले होते. श्वास कुठे घेतला जातो ते मला ठाऊक होते. तो घेतला गेला तेव्हा मी शिरले, दोघांचा मुद्दा एकेका वाक्यात त्यांना परत दिला, ते नेमके कुठे सहमत आहेत ते दाखवले आणि म्हणाले की घड्याळाप्रमाणे माझी अजून चार मिनिटे उरली आहेत. ती मला वापरायला आवडतील.

मग बाई हसल्या आणि गृहस्थांनी टाय सैल केला. ती चार मिनिटे मी पूर्ण वापरली.

गुण सांगण्याची त्यांना मुभा नव्हती आणि निकाल तीन आठवड्यांनी लागणार होता. मी कागद गोळा केले, छत्री घेतली. गृहस्थ उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी माझ्यासाठी दार उघडून धरले. “बॉन व्हॉयाज, मादमोआझेल,” ते म्हणाले. प्रवासाच्या शुभेच्छा. ग्रनोबलचा उल्लेख माझ्या परीक्षेच्या अर्जात होता.

मी खाली आले, पावसात उभी राहिले आणि छत्री उघडायची विसरले. एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे माझ्या शिक्षणाचे पहिले कलम आहे. त्या दिवशी मी ते मोडले. समोरच्या टपालाच्या दुकानात गेले, आंतरराष्ट्रीय दराचे तिकीट मागितले, आणि ग्रनोबलच्या प्राध्यापिकांना उभ्या उभ्या कार्डावर लिहिले, की मी सप्टेंबरमध्ये येते आहे.